शंका मृताच्या बाजूने

वादग्रस्त मृत्युपत्राच्या खटल्यात न्यायालयाला मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: समोर आलेला कागद मृत व्यक्तीने समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने केलेला आहे की नाही. मालमत्ता खरे तर कोणाला मिळायला हवी होती, कोणत्या मुलाने सेवा केली आणि कोणता परदेशी जाऊन बसला, हे त्या खटल्याचे प्रश्न नव्हेत. तरीही या खटल्यांबद्दल एक तक्रार सर्रास केली जाते. माणसाने हयातीत सही केली, दोन साक्षीदार घेतले, दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणी केली, वर डॉक्टरांचा दाखलाही जोडला, तर त्याच्या पश्चात तो कागद उकरून काढण्याचा हक्क कोणालाच असू नये, असे म्हटले जाते. 'संशयास्पद परिस्थिती' हे नाव पुढे करून न्यायालये मेलेल्या माणसाच्या शब्दावर अविश्वास दाखवतात, नाराज वारसांना भांडायला वाव देतात आणि शेवटी स्वतःच्या न्यायबुद्धीने मालमत्ता वाटतात, असा या तक्रारीचा सूर असतो. तिच्यामागचा मृताबद्दलचा आदर खरा आहे. तिचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि वृद्ध, आजारी, परावलंबी माणसांच्या दृष्टीने तो धोक्याचाही आहे.

कायदा मृत्युपत्राकडून फार थोडे मागतो, हे आधी पाहिले पाहिजे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ चा. हिंदूंनी १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या प्रत्येक मृत्युपत्राला त्यातील कलम ६३ लागू आहे. त्यापूर्वी मुंबई शहराला १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा लागू होता. शहराबाहेर तोंडी मृत्युपत्रही चालत असे. आजही मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, ठरावीक नमुना लागत नाही, वकील लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर मजकूर लिहून त्याखाली मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि ते पाहिलेल्या, किंवा 'ही सही माझी' असे त्याच्याच तोंडून ऐकलेल्या, किमान दोघांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात, एवढेच पुरते. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असले पाहिजेत, अशीही अट नाही. पुढे न्यायालयात या दोघांपैकी जो हयात असेल त्या किमान एकाची साक्ष व्हावी लागते. ही अट १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम ६७ मध्ये आहे.

या किमान अटींनाही 'तांत्रिक' म्हणण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जानकी नारायण भोईर खटल्याचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. तेथे एका साक्षीदाराची साक्ष झाली, पण दुसऱ्या साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही केली हे काही त्याच्या साक्षीतून सिद्ध झाले नाही. दुसरा साक्षीदार हयात होता, तरी त्याला बोलावले नव्हते. २००२ च्या डिसेंबरात न्यायालयाने ते मृत्युपत्र सिद्ध झाले नसल्याचे ठरवले. एक साक्षीदार कमी बोलला म्हणून माणसाची शेवटची इच्छा बुडाली, अशी हळहळ यावर व्यक्त होते. पण बुडाली ती कोणाची इच्छा, हेच तर ठरायचे होते. खरेदीखतावर वाद झाला तर विकणारा पिंजऱ्यात येऊन सांगू शकतो की सही माझी आहे किंवा नाही. मृत्युपत्रात ती सोय नाही. दोन साक्षीदार हीच त्या खोलीत त्या दिवशी काय घडले याची उरलेली आठवण असते. त्यांतल्या एकाला सांगता येत नाही आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही, अशा स्थितीत कागद खरा मानायचा तर तो मांडणाऱ्याच्या शब्दावर मानावा लागेल. आणि मांडणारा हा बहुधा ज्याला मालमत्ता मिळणार तोच असतो.

याच विचाराला भारतीय कायद्यात कायमचा आकार दिला तो न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले आणि पुढे १९६४ ते १९६६ या काळात सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर कामगार कायद्यातील निकालांसाठी अधिक ओळखले जातात. पण नोव्हेंबर १९५८ मध्ये एच. वेंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा या प्रकरणात त्यांनी लिहिलेला निकाल आजही देशातील जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्राच्या खटल्यात वाचून दाखवला जातो. तत्कालीन म्हैसूर राज्यातील लक्ष्मम्मा या वृद्ध स्त्रीचे १९४५ चे मृत्युपत्र तेथे वादात होते. ते तयार होण्यात ते मांडणाऱ्याचा ठळक हात होता आणि मोठा लाभही त्याच्याच कुटुंबाकडे जात होता. खालच्या न्यायालयाने मृत्युपत्र मान्य केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

टीकाकार या निकालावर जो आरोप करतात तो निकाल वाचल्यावर टिकत नाही. गजेंद्रगडकरांनी मृत्युपत्र सिद्ध करण्याची पद्धत मुळात इतर दस्तांसारखीच मानली आहे. गणिती खात्रीची अपेक्षा करू नये, शहाण्या माणसाचे समाधान होईल एवढा पुरावा पुरे, असे ते स्पष्ट म्हणतात. शंका घ्यायला जागाच नसेल, तर सही आणि साक्षीदार सिद्ध झाले की काम संपते. मनाची शुद्धता मग वेगळी सिद्ध करत बसावे लागत नाही. ओझे वाढते ते परिस्थितीच विचित्र असेल तेव्हा. सही थरथरती आणि जुन्या सह्यांशी न जुळणारी असते, मजकुरात मृताला नक्की ठाऊक असलेल्या गोष्टीच चुकीच्या लिहिलेल्या असतात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बाहेरच्या कोणाला भेटूच दिलेले नसते, किंवा ज्याला सर्वस्व मिळते त्यानेच वकील ठरवलेला, मजकूर सांगितलेला आणि साक्षीदार जमवलेले असतात. अशा वेळी शंका दूर करण्याची जबाबदारी कागद मांडणाऱ्यावर येते. त्या दिवशी घरात कोण होते, मजकूर कोणी सांगितला, तो वाचून दाखवला का, हे त्यालाच ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारणे यात अन्याय कोणावर होतो, हे टीकाकारांनी कधी सांगितलेले नाही.

पुढे १९७६ मध्ये जसवंत कौर विरुद्ध अमृत कौर या खटल्यात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी याच निकालातून सहा सूत्रे काढली आणि त्यांत एक महत्त्वाची गोष्ट ठळक केली. साध्या दिवाणी दाव्यात वादी आणि प्रतिवादी यांच्यातली झुंज निकाली काढली की न्यायालयाचे काम होते. मृत्युपत्रावर शंकेची छाया असेल तर झुंज दोघांची राहत नाही. न्यायालयाच्या स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान व्हावे लागते. विरुद्ध पक्षाने एखादा मुद्दा उचलला नाही म्हणून न्यायाधीशाला त्याकडे डोळेझाक करता येत नाही, याचे कारणही हेच. खटल्यात तिसरा एक माणूस आहे, तो हजर नाही आणि त्याचा वकील नाही. न्यायालयाची शंका त्याच्या वतीने विचारलेली असते. तिला मृताचा अपमान म्हणणे म्हणजे त्याच्यासाठी बोलणारे शेवटचे तोंड बंद करणे होय.

आता नोंदणीचा मुद्दा. 'रजिस्टर केलेले आहे' हे वाक्य मराठी कुटुंबांत अखेरचा निकाल म्हणून उच्चारले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, आणि मृत्युपत्र करणारा स्वतः दस्त घेऊन आला तर त्याची नोंदणी इतर दस्तांसारखीच होते. म्हणजे ओळख पटवली जाते, दस्त करून दिल्याची कबुली घेतली जाते, फोटो आणि अंगठा घेतला जातो. माणूस आला आणि त्याने सही कबूल केली, एवढे यातून नक्की ठरते. त्याने मजकूर वाचला का, त्याला ऐकू नीट येते का, घरी परत नेणारी गाडी कोणाची आहे, घरी गेल्यावर जेवण कोणाच्या हातचे मिळणार आहे, हे त्या टेबलावर विचारले जात नाही आणि विचारण्याची व्यवस्थाही नाही. राणी पूर्णिमा देवी विरुद्ध कुमार खगेंद्र नारायण देव या साठच्या दशकाच्या आरंभीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. नोंदणी अधिकाऱ्याने मजकूर वाचून दाखवला असेल आणि तो समजल्याची कबुली खरोखर घेतली असेल, तर नोंदणीला वजन आहे. उपचार म्हणून शिक्के उठले असतील, तर नोंदणीने शंका धुतली जात नाही. तीस वर्षांहून जुन्या दस्ताबद्दल कायदा जे गृहीतक धरतो तेही मृत्युपत्राला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने भरपूर सिंग प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. कपाटात जुना झाला म्हणून कागद आपोआप खरा ठरत नाही.

नोंदणी सक्तीची करावी आणि नोंदलेले मृत्युपत्र अंतिम मानावे, ही सूचना म्हणूनच उलटी आहे. मृत्युपत्र मरेपर्यंत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. अधिनियमाचे कलम ६२ त्याच स्वातंत्र्यासाठी आहे. मुलाने दटावून नेऊन नोंदवलेले मृत्युपत्र आई पुढे मुलीच्या घरी राहायला गेल्यावर साध्या कागदावर, दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने रद्द करू शकते. नोंदणीला अंतिम दर्जा दिला तर तो मार्ग बंद होतो. जो माणूस तिला एकदा कार्यालयापर्यंत नेऊ शकला, त्याचा विजय कायमचा होतो. तालुक्याच्या गावी जाण्याची ताकद, पैसा आणि सोबत ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने कायदा झुकवण्याला वृद्धांचे संरक्षण म्हणता येत नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याचे वजन याहूनही कमी तपासले जाते. 'शुद्धीवर असून मानसिकदृष्ट्या सक्षम' अशी एक ओळ आणि शिक्का, एवढाच बहुतेक दाखल्यांचा मजकूर असतो. कायद्याला हवी असलेली क्षमता यापेक्षा निश्चित आहे, आणि तिचे सर्वांत स्पष्ट विवेचन १८७० च्या एका इंग्रजी खटल्यात सापडते. बँक्स विरुद्ध गुडफेलो या त्या प्रकरणातील जॉन बँक्स हा केझिक गावचा अविवाहित माणूस काही काळ वेड्यांच्या इस्पितळात राहिलेला होता. फेदरस्टोन अलेक्झांडर नावाचा, प्रत्यक्षात कधीच मेलेला, एक माणूस आपला पाठलाग करतो, या भ्रमाने त्याला आयुष्यभर छळले. १८६३ मध्ये त्याने आपली पंधरा घरे आपल्यासोबत राहणाऱ्या भाचीला देणारे मृत्युपत्र केले. वारसाने आव्हान दिले. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी मृत्युपत्र कायम ठेवले. त्यांचे म्हणणे असे की मृत्युपत्र करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळले पाहिजे, आपल्या मालमत्तेचा साधारण आवाका कळला पाहिजे, आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो याची जाणीव असली पाहिजे, आणि कोणत्याही भ्रमाने त्या निर्णयाला विष लागता कामा नये. बँक्सच्या भ्रमाचा त्याच्या वाटपाशी संबंध नव्हता.

क्षमतेची तपासणी दोन्ही बाजूंनी कशी चालते हे या निकालात दिसते, आणि संशयाचा सिद्धांत केवळ मृत्युपत्रे पाडण्यासाठी आहे या आरोपाला तो सर्वांत चांगले उत्तर देतो. 'वेडा होता' एवढ्याने मृत्युपत्र पडत नाही. त्याच न्यायाने 'शुद्धीवर होता' एवढ्याने ते तरतही नाही. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती नाव, गाव, तारीख नीट सांगू शकते आणि तरी आपल्याला तिसरी मुलगी आहे हे विसरलेली असू शकते. दाखला देणाऱ्या डॉक्टरने मालमत्तेबद्दल, मुलांबद्दल, वाटपाच्या कारणाबद्दल काही विचारले का, हे उलटतपासणीतच बाहेर येते. १९२५ च्या अधिनियमाचे कलम ५९ हीच कसोटी वेगळ्या शब्दांत सांगते: आजारपणामुळे, नशेमुळे किंवा अन्य कारणाने आपण काय करतो हे कळत नसेल, तर मृत्युपत्र करता येत नाही.

वकिलाने तयार केले म्हणून मृत्युपत्र बिनधोक असते, या समजुतीची परीक्षा विंटल विरुद्ध नाय या खटल्यात झाली. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा निकाल दिला तो १९५८ च्याच अखेरीस, म्हणजे गजेंद्रगडकरांच्या निकालानंतर काही आठवड्यांतच. पैशाच्या व्यवहाराची समज नसलेल्या एका वृद्ध स्त्रीचे लांबलचक, गुंतागुंतीचे मृत्युपत्र तिच्या सॉलिसिटरने तयार केले होते, आणि इतर देणी भागल्यावर उरणारी मोठी मालमत्ता त्याच सॉलिसिटरला मिळत होती. तिचा नातेवाईक कर्नल आल्फ्रेड विंटल हा तापट निवृत्त सैनिक. संतापाच्या भरात त्याने १९५५ मध्ये त्या सॉलिसिटरला पाटलोण उतरवायला लावून अपमानित केले आणि त्यासाठी सहा महिन्यांची कैद भोगली. मग त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि वकील न लावता स्वतःच अपील लढवले. लॉर्ड्सनी ते एकमताने मान्य केले. ज्याने कागद तयार केला त्यालाच लाभ होत असेल, तर मृत्युपत्र करणाऱ्याने मजकूर समजून मान्य केल्याबद्दलची तपासणी अत्यंत कडक हवी, हे तत्त्व १८३८ च्या बॅरी विरुद्ध बटलिन या खटल्यापासून चालत आलेले होते. ते येथे पुन्हा ठामपणे सांगितले गेले. सह्या, साक्षीदार, व्यावसायिक मसुदा असे सगळे काही जागेवर असूनही मृत्युपत्र करणाऱ्याला मजकूर उमगलेला नसू शकतो, हे या प्रकरणाइतके उघड क्वचितच झाले असेल.

टीकाकारांचा एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. काही खालच्या न्यायालयांनी 'जवळच्या वारसाला वगळले' एवढ्यालाच संशयास्पद परिस्थिती मानून मृत्युपत्रे नाकारली आहेत. हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रवींद्रनाथ मुखर्जी प्रकरणात म्हटले की वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलावा म्हणूनच माणूस मृत्युपत्र करतो. तेव्हा क्रम बदलला हीच शंका होऊ शकत नाही. कायद्याने ज्यांना जे मिळणारच होते त्यांनाच ते द्यायचे असते, तर त्याने कागद केलाच नसता. कारण न देता वगळणे हे इतर परिस्थितीसोबत पाहायचे असते. वाटप न्यायाधीशाला आवडले नाही म्हणून शंका घेणे हा या सिद्धांताचा गैरवापर आहे, आणि त्यावर झालेली टीका योग्यच आहे.

पण या मान्यतेची दुसरी बाजू महाराष्ट्राने विशेष करून पाहिली पाहिजे. १९९४ मध्ये या राज्याने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद केले, २००५ मध्ये तो हक्क देशभर आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने तो जन्मापासूनचा हक्क असल्याचे स्पष्ट झाले. कायद्याने दिलेले हे काढून घेण्याचे साधन म्हणून मृत्युपत्राचा वापर होतो. 'मुलींच्या लग्नात भरपूर खर्च केला आहे, त्यांचा आता काही हक्क नाही' हे वाक्य अशा मृत्युपत्रांत ठरून गेल्यासारखे आढळते. हे वाक्य खरोखर वडिलांचे असेल, मालमत्ता स्वकष्टार्जित असेल, तर न्यायालयाला ते कितीही खुपले तरी मृत्युपत्र मान्य करावे लागते. येथे संशयाच्या सिद्धांताकडून समतेची अपेक्षा करणे चूक आहे. तो त्यासाठी नाही. तो फक्त हे विचारतो की वाक्य वडिलांचे आहे की मुलाने लेखनिकाला सांगितलेले. शिवाय वडिलांना फक्त आपल्या हिश्शाचेच मृत्युपत्र करता येते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम ३० एकत्र मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा देण्याची मुभा देते. मुलीचा जन्मजात हिस्सा त्यांच्या देण्याघेण्याचा विषयच नाही. वडिलोपार्जित शेत सगळेच्या सगळे मुलांच्या नावे करणारे मृत्युपत्र पूर्ण खरे असले, तरी मुलीच्या हिश्शापुरते ते पोकळ असते.

ज्यांना वाटपातही न्याय हवा आहे त्यांच्यासमोर गोव्याचे उदाहरण आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार तेथे मुले-नातवंडे किंवा आईवडील हयात असताना माणसाला आपल्या मालमत्तेच्या फक्त अर्ध्या भागाचीच मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा सक्तीच्या वारसांचा. पतिपत्नीच्या सामाईक मालमत्तेत जोडीदाराचा अर्धा वाटा त्याआधीच वेगळा होतो. २०१६ पासून लागू झालेल्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्याने ही चौकट कायम ठेवली, आणि गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या राज्याबाहेरील मालमत्तेलाही ती लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. हा विधिमंडळाने घेतलेला निर्णय आहे. महाराष्ट्राला तसे हवे असेल तर मागणी विधानसभेकडे आणि संसदेकडे केली पाहिजे. मृत्युपत्राच्या खटल्यातल्या न्यायाधीशाने ते काम चोरपावलांनी करू नये, यावर टीकाकार आणि हा सिद्धांत यांचे एकमत आहे.

विलंब आणि छळ हा शेवटचा मोठा आक्षेप. प्रियंवदा बिर्ला यांचा खटला त्याचे ठळक उदाहरण म्हणून सांगतात. जुलै २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. एप्रिल १९९९ च्या मृत्युपत्राने हजारो कोटींची मालमत्ता सनदी लेखापाल राजेंद्रसिंह लोढा यांच्याकडे जात होती. बिर्ला कुटुंबाने आव्हान दिले, २००८ मध्ये लोढा यांचेही निधन झाले, आणि वीस वर्षे उलटल्यावरही कोलकात्यात वाद संपलेला नव्हता. हा विलंब भयंकर आहे. पण तो संशयाच्या सिद्धांतातून आलेला नाही. तुंबलेली न्यायालये, प्रत्येक अंतरिम आदेशावरची अपिले आणि दोन्ही बाजूंची खर्च करण्याची ताकद यांतून तो आला. साध्या वाटपाच्या दाव्यांतही आपल्याकडे पिढ्या सरतात. उलट याच प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेणाऱ्यांच्या हक्काला मर्यादा घातली. मृताच्या मालमत्तेत ज्याचा खरा हितसंबंध आहे त्यालाच कॅव्हेट, म्हणजे हरकतीचा अर्ज, दाखल करता येतो. दूरचे नाते किंवा घराण्याचे नाव पुरत नाही.

भांडखोर वारसाला रोखणारे नियम आणखीही आहेत, आणि टीकेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. दडपण, फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असे वारसाचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. शशिकुमार बॅनर्जी प्रकरणापासून हे पक्के आहे. इंदुबाला बोस प्रकरणात न्यायालयाने बजावले की शंका परिस्थितीतून खरोखर उठणारी हवी, संशयी मनाने रचलेली नको. प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला देणारे, न्यायालय मालमत्तेच्या मालकीचा वाद हातातच घेत नाही, त्यामुळे घरातले सगळे जुने हिशेब तेथे काढता येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मृत्युपत्राच्या आधारे सातबाऱ्यावर झालेली फेरफार नोंद महसुलापुरतीच असते. वाद उठला की हक्क दिवाणी न्यायालयातूनच ठरवून आणावा लागतो, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला दीर्घकाळ प्रोबेट सक्तीचे होते. बाहेर, गावात, मृत्युपत्र थेट तलाठ्याकडे जाते. तेथे वगळलेल्या विधवेला किंवा मुलीला कागद तपासून घेण्याची पहिली आणि बहुधा एकमेव संधी या दिवाणी दाव्यातच मिळते.

प्रामाणिक मृत्युपत्र या चाळणीतून सुटते का? सुटते, आणि त्यासाठी फार काही करावे लागत नाही. ज्याला लाभ मिळणार त्याने मसुद्यापासून आणि सहीच्या खोलीपासून दूर राहावे. साक्षीदार त्याचे मित्र नसावेत, मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि त्यांनी एकमेकांना सही करताना पाहिलेले असावे. हिंदूंच्या मृत्युपत्राला अधिनियमाचे कलम ६७ लागू नाही, त्यामुळे साक्षीदारालाच काही दिले तर ते ख्रिस्ती किंवा पारशी मृत्युपत्राप्रमाणे आपोआप रद्द होत नाही. पण शंकेला जागा मात्र नक्की होते. कोणाला का वगळले हे मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत, शक्य असेल तर स्वतःच्या अक्षरात लिहावे. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे दाखल्यात नोंदवावीत. कागद गहाळ होण्याची किंवा बदलला जाण्याची भीती असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ४२ नुसार तो मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. करणाऱ्याला तो हयातीत परत मागता येतो, आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर पाकीट अर्जदारासमोर उघडून त्यातील मजकूर नोंदवहीत उतरवला जातो. कागद तोच आहे, एवढे त्यातून ठरते. तो समजून केलेला होता का, हा प्रश्न तरीही साक्षीदारांनाच विचारावा लागतो.